आवळील तो बसेल

घाटमाथ्यावर जयसिंगरावांचं ट्रकांचं गॅरेज होतं. तिथली रीत अशी, की ज्यानं चाक आवळलं, त्यानं ड्रायव्हरशेजारी बसून घाटाची पहिली फेरी करायची.

एकदा मालकांनी नट आवळायला बॅटरीवरची हलकी गन आणली. दिसायला देखणी, पण ट्रकच्या नटापुढं नुसती गुरगुरायची. शिवाय लांब दांड्याचा जुना पाना त्यांनी भंगारात घातला. हणमंता फिटरनं जड कामाची गन मागितली, तसे मालक सर्वांदेखत ओरडले, "गनमध्ये जोर आहे रे, तुझ्याच अंगात नाही!"

हणमंताची कानशिलं तापली. पण तो एवढंच म्हणाला, "मग मालक, हे चाक तुम्हीच आवळून दाखवा."

मालकांनी झोकात नट आवळले. "झालं का नाही?"

"झालं की." हणमंतानं केबिनचं दार उघडलं. "बसा आता. गाडीत खडी भरलीय."

मालकांनी दरीकडं पाहिलं. "आधी पान्यानं एकदा बघ रे."

"पाना तुम्ही भंगारात घातला. बसा!"

मालक जागचे हलेनात. तेव्हा हणमंता कडाडला, "तुमचा जीव तो जीव, आणि आमचा काय नटाखालचा वायसर?"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. जड गन आणायला मालक स्वतः गेले.