आठ दाबांचं घर

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजा कोण होता, ते आता कुणाच्या लक्षात नाही. पण केसू कुंभार आणि त्याची बायको राही यांची आठवण अजून निघते.

त्यांच्या गावची माती संपत आली होती. नदीपलीकडच्या गावात चांगली चिकणमाती होती. पावसाआधी इथलं घर विकून तिथं भट्टी उभी करायची, एवढंच दोघांना करायचं होतं. ते जमलं नाही तर म्हातारपणी दुसऱ्याच्या चाकावर राबायची पाळी येणार होती.

पण भावावरून दोघांचं जुळेना.

"सहा मोहरा," केसू म्हणाला.

"सहा? म्हणजे अंगण फुकट, चूल फुकट. मलाही वर देऊन टाकता का?"

"बरं, तू सांग."

"दहा."

"दहा! अगं, घर विकतोय आपण, राजाचा किल्ला नव्हे."

दोन दिवस राहीनं भाकरी थापली, पण ती ताटात आपटूनच वाढली.

त्या गावात घर विकायची एक रीत होती. नवराबायकोनं पाठीला पाठ लावून बसायचं. बाजूला, दोघांचे हात पोचतील असे, पाटील बसायचे. त्यांच्या दोन हातांवर घोंगडी टाकायची आणि घोंगडीखाली दोघांनी आपापल्या बाजूनं पाटलांचा तळवा दाबायचा. जितके दाब, तितक्या मोहरा. दोघांचे दाब जुळले, तर घेणाऱ्यानं मुकाट्यानं तेवढं द्यायचं. नाही जुळले, तर भाव घेणाऱ्यानं सांगायचा. पहिल्या दोन बैठका मोडता येत. तिसरी मात्र कुणालाच मोडता येत नसे.

घर घ्यायला हळदीचा एक व्यापारी आला. पहिल्या बैठकीत केसूनं सहा दाबले, राहीनं दहा. व्यापारी हसून म्हणाला, "पाच देतो." दोघांनी बैठक मोडली.

दुसऱ्या बैठकीला राहीला नवऱ्याची दया आली. जाऊ दे, त्यांच्या मनासारखं होऊ दे, असं म्हणून तिनं सहा दाबले. तिकडे केसूनंही तोच विचार केला आणि दहा दाबले! आता व्यापारी चारांवर आला. दोघांनी तीही बैठक मोडली.

घरी येताना राही बांधावरच बसली. आधी तिला रडू आलं, मग हसू.

"अहो, मी तुमचं ऐकलं हो!"

"आणि मी तुझं!" केसूही शेजारी टेकला.

मग राहीनं इतक्या दिवसांत न विचारलेलं विचारलं. "सहाच का म्हणत होता?"

"भीती वाटते गं. गिऱ्हाईक निघून गेलं आणि पावसाआधी भट्टी झाली नाही तर?"

राहीनं त्याचा हात हातात घेतला. "आणि मला भीती वाटते ती या हातांची. थरथरायला लागलेत. एखादं वर्ष चाक फिरलं नाही, तर खायचं काय?"

दुसऱ्या दिवशी दोघं नदीपलीकडे गेली. घराचं विचारलं, भट्टीचं विचारलं, वर्षाच्या दाण्याचं विचारलं. सगळं मिळून आठ मोहरा होत होत्या. सहात भागत नव्हतं आणि दहांची गरज नव्हती.

तिसऱ्या बैठकीला सगळा गाव जमला. पाठीला पाठ लागली, घोंगडी पडली. केसूनं आपले दाब दिले. राहीनं एक, दोन करत सहा दिले.

तेवढ्यात व्यापारी तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "राहीबाई, थांबा. तुमचे मालक सहालाच थांबले. घोंगडी किती वेळा हलली, ते मी मोजलंय की! आता पुढं गेलात तर मी सांगेन त्या भावानं घर जाईल."

राहीचं बोट थांबलं. मागं वळून बघायची सोय नव्हती. घाबरले असतील का हे? ऐन वेळी कच खाल्ली असेल का? पण त्यांची भीती तिनं स्वतःच्या कानांनी ऐकली होती. भट्टीची ती भीती आठ मोहरांत फिटत होती, सहात नव्हे. मग ते सहाला कशाला थांबतील?

तिनं सातवा दाब दिला. मग आठवा, चांगला जोर लावून.

पाटलांनी घोंगडी काढली आणि दोन्ही हात उंच केले. "आठ आणि आठ!"

गावानं टाळ्यांचा कडकडाट केला. केसू वळला, तेव्हा त्याचे डोळे भरले होते. "राहे, शेवटचा दाब माझ्या पाठीलाही कळला, पाटलांना लागला असेल गं," तो म्हणाला.

"लागू दे," राही म्हणाली.

व्यापाऱ्यानं मुकाट्यानं आठ मोहरा मोजल्या. पावसाआधी नदीपलीकडे भट्टी पेटली, आणि त्या वर्षी तिकडच्या बाजारात राहीनं रंगवलेले माठ गिऱ्हाइकांना पुरेनासे झाले.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्यांनी एकमेकांची भीती ऐकून घेतली, त्यांच्यात तिसऱ्याला फूट पाडता येत नाही.