घाईने वाजणारी चकती

फार पूर्वी, कुठल्या राजाच्या अमदानीत ते आता कुणालाच सांगता येणार नाही, तेव्हा घडलेली ही गोष्ट. लहानांनी ती केव्हाही ऐकावी. थोरांनी थकल्या दिवशी ऐकावी, म्हणजे लवकर पटेल.

नदीकाठच्या एका गावात भानजी नावाचा सुतार राहत असे. त्याने लाकूड कोरणारं एक यंत्र बांधलं होतं. पाटाच्या पाण्यावर चाक फिरे, चाकावरचा दोर एका उभ्या पोलादी पात्याला गरगर फिरवी, आणि पात्याखाली बाभळीच्या मेजावर मांडलेल्या फळीत वेली-फुलं उमटत. मेज भानजीने स्वतः जोडलेलं होतं. ते हलवायला चार माणसं लागतात, असं तो आल्यागेल्याला सांगे.

या यंत्रात एकच गोष्ट नाजूक होती. पातं फळीला नेमकं कुठे टेकतं, हे आधी कळावं लागे. त्यासाठी भानजी फळीवर पितळेची एक पातळ चकती ठेवी आणि पातं न फिरवता हळूहळू खाली आणी. पातं टेकलं की चकती केसभर दबे, तिला बांधलेला दोरा ताणला जाई आणि घुंगरू वाजे. घुंगरू वाजलं की भानजी पातं ज्यावरून खाली येई त्या खांबावर खडूची रेघ ओढी. त्या रेघेवरून पुढची सगळी खोली ठरे.

ती चकती घडवली होती त्याच गावच्या कोंडाईने. कोंडाई पितळ ओतायची. तिचा मुख्य धंदा धान्याच्या मापांचा. तिच्या भट्टीतून निघालेलं माप कुणी दुसऱ्या मापाशी ताडून पाहत नसे.

एका वर्षी घाटातल्या धर्मशाळेच्या दाराचं काम भानजीकडे आलं. वीज पडून कोसळलेल्या जुन्या शिसवीच्या दोन फळ्या राजाच्या माणसांनी आणून टाकल्या. "तिसरी नाही," एवढंच बोलून ते गेले.

पहिली फळी छान उतरली. दुसरी मेजावर चढली आणि घोळ सुरू झाला.

घुंगरू लवकर वाजू लागलं. काल जिथे रेघ पडली होती, तिथे पोचायच्या आधीच आज ते वाजलं. दुसऱ्या दिवशी आणखी वर वाजलं.

"फळी तीच, पातं तेच," भानजी बायकोला म्हणाला. "मग ही चकती काय हवेलाच टेकून ओरडते?"

त्याने दोरा बदलला. रेशमाचा लावला, मग आतड्याच्या तातीचा. घुंगरू उतरवून चिंचेने घासलं. पातं काढून पुन्हा धार लावली. खांबाला तेल दिलं. एक काही बदललं की त्याला आशा वाटे, आणि घुंगरू पुन्हा वेळेआधी वाजलं की ती आशा मावळे. कधी तर त्याने एकाच सकाळी तीन गोष्टी बदलल्या, आणि फरक पडला तेव्हा तो कशाने पडला हे त्याचं त्यालाच कळेना. जेवताना त्याची मान खाली असे. बोलणं कमी झालं, आणि जे उरलं त्याला धार आली.

त्या धारेनेच तो बाजारच्या दिवशी वडाच्या पाराशी उभा राहिला. कुणीतरी सहज विचारलं, "दार कुठवर आलं?"

"दार कसलं!" तो ओरडला. "कोंडाईची चकती खोटं बोलते. पितळेत काय मिसळलंय देव जाणे!"

लोक भोवती जमले. मग एक वाणी हळूच म्हणाला, "हिची चकती खोटी, मग आमची मापं?"

भानजीने हे ऐकलं, पण तो आधीच घरी निघाला होता. मागे वळून बोलायची त्याला ताकद वाटली नाही.

तो दूरच्या गावी गेला आणि दुसऱ्या ओताऱ्याकडून नवी चकती घेऊन आला. नवी चकतीही लवकर वाजली.

"अहो," त्याची बायको सगुणा म्हणाली, "दोन गावच्या दोन चकत्या एकच सांगतायत. खोटं बोलणारे असे न ठरवता जुळतात का कधी?"

"तुला यातलं काय कळतं?" भानजी म्हणाला. "आता कुणालाच विचारत नाही. माझी जुनी रेघ आहे ना खांबावर, ती मी माझ्या हाताने ओढली आहे."

त्याने चकती बाजूला ठेवली, पाटाचं दार उघडलं आणि जुन्या रेघेच्या हिशोबाने फिरतं पातं खाली सोडलं. पातं फळीत नको इतकं खोल घुसलं. शिसवी किंचाळल्यासारखी वाजली आणि मधोमध चिरली.

भानजीने पाणी बंद केलं. चाक थांबलं. तो जमिनीवर बसला, मेजाच्या कडेला डोकं टेकवून. रागवायलाही त्याच्यात काही उरलं नव्हतं.

बराच वेळ गेला. सगुणाने पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. मग काही करायचं म्हणून नव्हे, नुसता चाळा म्हणून त्याने कोंडाईची चकती फळीवर ठेवली आणि पातं तिच्यावर आणलं. घुंगरू वाजलं. पातं वर नेलं, पुन्हा आणलं. त्याच जागी वाजलं. पुन्हा, पुन्हा. दरवेळी अगदी त्याच जागी, केसाचाही फरक नाही. इतक्या दिवसांत त्याने काही न बदलता तिला दोनदा विचारलं नव्हतं.

त्याने चकती फळीच्या दुसऱ्या टोकाला सरकवली आणि पातंही तिच्यावर नेलं. तिथे घुंगरू जुन्या रेघेवरच वाजलं.

भानजीने फळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. मग तो हळूहळू वाकला आणि मेजाखाली गेला.

पाटाची कड एका जागी फुटली होती. तिथून पाणी झिरपत मेजाच्या एका पायापाशी येत होतं. खाली काळी माती होती. ती पाणी पिऊन फुगली होती, आणि त्या पायाला रोज थोडं थोडं वर उचलत होती. चार माणसांशिवाय न हलणारं मेज मातीने हलवलं होतं. फळी खरोखरच वर येत होती. चकती खरोखरच लवकर टेकत होती.

"सगुणा," तो मेजाखालूनच म्हणाला, "ती खरं सांगत होती गं."

सगुणा म्हणाली, "मग हे मला कशाला सांगताय? जा."

कोंडाई घराच्या पायरीवर बसली होती. भट्टी थंड होती.

"आक्का, चूक माझी," भानजी म्हणाला. "मेज उचललं गेलं होतं. मी सगळं तपासलं, तेवढं सोडून."

कोंडाईने त्याच्याकडे पाहिलं. "तू माझ्याकडे चकती घेऊन आला असतास, तर मी तुझ्याबरोबर येऊन बसले असते. मलाही उत्सुकता वाटली असती रे, असं का होतंय म्हणून. पण तू आधी बाजारात गेलास."

"उद्या त्याच पारावर उभा राहून सांगतो."

"सांग. सांगायलाच हवं." तिने गुडघ्यावर हात टेकला. "पण वाण्यांनी परगावाहून मापं आणली आहेत. माप काही माणूस रोज विकत घेत नाही. आणि भट्टी फार दिवस थंड राहिली, तिला तडे गेलेत. ती आता लिंपायची कुणी?"

"मी लिंपतो," भानजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पारावर उभा राहिला आणि सगळं सांगितलं, फळी कशी चिरली तेही. लोकांनी माना डोलावल्या. "असं होय," म्हणाले, आणि भाजी घ्यायला पुढे गेले. पहिल्या दिवशीसारखी गर्दी काही जमली नाही.

धर्मशाळेच्या दाराला एक फळी कोरलेली बसली आणि एक साध्या सागाची. राजाच्या माणसांनी भानजीला पुन्हा काम दिलं नाही. त्याने पाटाची कड बांधली, मेजाच्या पायांखाली दगड बसवले, आणि कोंडाईची भट्टी आपल्या हाताने लिंपून दिली. ती पेटली. कोंडाई तिच्यात बैलांची घुंगरं ओतू लागली आणि त्यावर तिचं कसंबसं भागलं. ती होती तोवर त्या बाजारातून तिच्याकडे मापाचं काम मात्र पुन्हा कधी आलं नाही.

तात्पर्य: नको ती खबर आली, तर खबर देणाऱ्याला खोटं ठरवण्याआधी आपल्या पायाखालची जमीन तपासून पाहावी.