हुन्लाफची वेस

इंग्लंडातल्या विदरकोम गावाच्या टेकडीवर एक दगडी वेस आहे. वेस आहे, पण तट नाही, कवाडं नाहीत, आत वाडा नाही. नुसती कमान उभी. पाहुण्यांनी विचारलं, की गावातली म्हातारी माणसं आधी सुस्कारा टाकतात आणि मग सांगायला बसतात.

फार जुनी गोष्ट, नॉर्मन लोक यायच्याही आधीची. तेव्हा म्हणे माणसाच्या शब्दाला त्याच्या पायरीप्रमाणे वजन असे. थेन म्हणजे राजाचा मानकरी. त्या एकट्याची शपथ सहा शेतकऱ्यांच्या शपथेबरोबर धरत. हुन्लाफ जन्माने शेतकरीच. पण राबला, थेन व्हायला जे जे लागे ते सगळं केलं, जमीन वाढवली, घंटा टांगली, वाड्याला वेस बांधली, आणि थेन झाला. बाप नांगर धरायचा असं कुणी म्हटलं, की त्याच्या अंगाचा तिळपापड होई.

त्याचा बालमित्र डुड्डा मात्र शेतकरीच राहिला. एकदा त्याच्यावर बैल चोरल्याचा आळ आला. बैल त्याने बाजारात घेतला होता, आणि सौदा झाला तेव्हा हुन्लाफ शेजारीच उभा होता. सुटायचं तर डुड्डा चोर नाही, अशी सहा शेतकऱ्यांनी शपथ घ्यायला हवी होती. बायको म्हणाली, घरोघर जाऊन माणसं गोळा करा. डुड्डा हसला.

"हुन्लाफ आला की सहा आले. लोकांच्या कशाला पाया पडू?"

भोळा बिचारा. एकालाही बोलावलं नाही त्याने.

न्यायाची सभा भरली. बडे बडे थेन बसलेले. या बैलवाल्यासाठी उठलो तर हे म्हणतील, गेला शेवटी जातीवर, असं हुन्लाफच्या मनात आलं. शपथेसाठी त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो खाली बघून एवढंच बोलला, "मला आठवत नाही."

झालं. चोरीची शिक्षा म्हणून डुड्डा गुलाम ठरला. निदान आपल्याकडे दोन घास सुखाचे खाईल, म्हणून हुन्लाफनेच त्याला ठेवून घेतलं. रोज सकाळी डुड्डा वेशीची कवाडं उघडत असे आणि मान लववून "धनी" म्हणे. कधी वाकडा शब्द नाही. त्यापेक्षा याने शिव्या घातल्या तर बरं, असं हुन्लाफला होऊन जाई. मन खात होतं त्याला, अन्न गोड लागेना.

शेवटी तो सभेत उभा राहिला. म्हणाला, "मला आठवत होतं."

खोटं बोलल्यापायी त्याचं थेनपण गेलं. सहांचं सोडाच, एका माणसाइतकीही त्याची शपथ उरली नाही. पण डुड्डा सुटला. हुन्लाफने स्वतःच्या हाताने तट पाडला, कवाडं उखडली आणि वेशीपाशी येऊन उभा राहिला.

"डुड्डा, माझं चुकलं. आज या वेशीतून ताठ मानेने बाहेर जा."

डुड्डा जरा थांबला. मग वेशीला वळसा घालून तटाबाहेरच्या खंदकात उतरला आणि गुडघाभर चिखल तुडवत घरी गेला.

हुन्लाफही पुढे मरेपर्यंत त्या कमानीखालून गेला नाही, असं सांगतात. आजही विदरकोमचं कुणी जात नाही. नवी नवरीसुद्धा झगा वर धरून बाजूच्या चिखलातून येते. पाहुण्यांना कुणी अडवत नाही. पण गोष्ट संपवून म्हातारी माणसं उठतात, वळसा घेतात, आणि पाहुणेही मुकाट्याने त्यांच्यामागे चिखलात उतरतात.