गळाभर पाण्यातली वाट

पुष्कळ पूर्वी एका लांबलचक किनाऱ्यावर तीन शहरं होती. एक मिठाचं, एक जहाजांचं आणि एक दोरांचं. मिठाच्या शहराकडे माल न्यायला पुरेशी जहाजं नव्हती. जहाजांच्या शहरात सागवान मुबलक, पण शिडं बांधायला दोर नव्हता. दोरांच्या शहरात घरोघरी काथ्याचे दोर वळले जात, पण मासळी खारवायला मीठ मिळत नव्हतं. तिघांचं एकमेकांवाचून अडत होतं, पण कबूल कोण करणार?

तिन्ही शहरं खाड्यांच्या आत होती. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचे दांडे, आणि त्यांमधून आत यायला एकच अरुंद वाट. ती त्या शहराच्या वाटाड्यांनाच ठाऊक असे. परक्या जहाजाने बाहेर थांबून बोलणी करायची. ठराव होण्याआधी वाटाड्याने बोटही उचलायचं नाही, अशी रीत होती.

दोरांच्या शहरात दोघे भाऊ वाटाडे होते. थोरला शांत, धाकटा तापट. दोघेही पाण्याचा रंग बघून खोली सांगायचे. एकदा थोरला दोरांनी भरलेलं जहाज घेऊन मिठाच्या शहराला गेला. बोलणी चालू असतानाच वादळ उठलं. तिथला वाटाड्या किनाऱ्यावर हाताची घडी घालून उभा राहिला, कारण ठराव व्हायचा होता. जहाज दांड्यावर फुटलं. थोरला परत आला नाही.

याला महिनाही झाला नव्हता. एका दुपारी दोरांच्या शहरापुढे मिठाचं जहाज आलं आणि वारा फिरला. जहाज दांड्यांकडे ओढलं जाऊ लागलं.

धाकटा धक्क्यावर बसला होता. शेजारी वाटाड्यांचा म्होरक्या.

"जागचा हलू नकोस," म्होरक्या म्हणाला. "तीच रीत त्यांची, तीच आपली."

"हलतोय कशाला, काका? आज डोळे भरून बघणार आहे."

जहाजाच्या टोकावर एक माणूस बांबू पाण्यात घालून खोली मोजत होता. मोजायचा, मागे वळून ओरडायचा, पुन्हा मोजायचा. बांबू भलत्याच बाजूला पडत होता. दादाही असाच ओरडला असेल, असं धाकट्याच्या मनात आलं.

"उजवीकडे घाल रे, उजवीकडे," तो पुटपुटला. आणि होडी सोडायलाही न थांबता त्याने सदऱ्यासकट उडी घेतली.

दांड्याच्या कडेवर, जिथे वाट सुरू होते, तिथे तो गळाभर पाण्यात हात वर करून उभा राहिला. पण एका माणसाने एकच कड कळते. लाटेने त्याला दोनदा आडवा केला.

तेवढ्यात थोरल्याची बायको धावत पाण्यात शिरली. मागे दोर वळणाऱ्या बायका आणि त्यांचे नवरे. सगळ्यांच्या कमरेला एकच जाड दोर.

"भावजी, दुसरी कड कुठली?"

"वहिनी, मागे व्हा. हे मिठाचं जहाज आहे."

"दिसतंय मला. तुम्ही नाक धरून बुड्या मारत होतात तेव्हापासून मी पोहते. कड सांगा."

त्याने सांगितली. बघता बघता वाटेच्या दोन्ही कडांना माणसांच्या रांगा उभ्या राहिल्या. लाट आली की दोर ताणायचा, पण कोणी जागा सोडली नाही. त्या दोन रांगांमधून जहाज आत आलं, इतक्या जवळून की खलाशांचे रडवेले चेहरे दिसत होते. आणि मग धक्क्यावर जो जल्लोष उठला, तो पार डोंगरापर्यंत गेला.

म्होरक्या मात्र डोक्याला हात लावून बसला. "अख्ख्या शहराला वाट कळली. आता आपल्याला कोण विचारणार?"

"वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, काका. खुणा हलवायला आपणच लागणार," धाकटा म्हणाला. "पण आता वाट लपवायची नाही. लपवल्यानेच दादा गेला."

दुसऱ्याच दिवशी, जिथे जिथे माणसं उभी होती तिथे तिथे त्यांनी लाकडी खुंट रोवले. खलाशांनी घरी जाऊन हे सांगितलं, तेव्हा मिठाच्या शहराने खाली मान घालून आपल्या खाडीत खुंट रोवले. मग जहाजांच्या शहरानेही. तिन्ही खाड्या शिडांनी भरून गेल्या. दोर वळायला हात पुरेनात, मिठागरं दुप्पट झाली, जहाजांचे कारखाने दिवसभर ठोकठोक वाजू लागले. वाटाड्यांना तर जेवायला उसंत मिळेना.

दोरांचं पहिलं मोठं जहाज मिठाच्या शहरात नेलं ते धाकट्याने. खुंटांमधून ते सरळ आत शिरलं. धक्क्यावर ढोल वाजत होते. पुढे तोच वाटाड्या उभा होता.

"तुझा भाऊ बुडाला तेव्हा मी इथेच उभा होतो," तो म्हणाला.

धाकट्याने त्या माणसाकडे पाहिलं आणि जहाजाच्या दोराचं टोक त्याच्याकडे फेकलं.

"घट्ट धर," तो म्हणाला. "मागून अजून चार जहाजं येतायत."

तात्पर्य: आपलं माणूस ज्या वाटेवर गेलं, ती वाट दुसऱ्यासाठी मोकळी करणं हाच खरा विजय, आणि वाट मोकळी केली की भरभराट सगळ्यांच्याच दारी येते.