पडद्यावरचा पंचा

एकदा एका तालुक्याच्या गावी, एका वृद्ध संगणकशिक्षकांकडे त्यांचा जुना शिष्य शार्दूल आला. कोणालाही विनामूल्य वापरता यावा, असा लेखनाचा एक प्रोग्राम सांभाळणाऱ्या मंडळींपैकी तो एक. जुना मोडीत काढून नवाकोरा आणायचा, असे त्याने मनाशी ठरवले होते. दोन वर्षे खपून तो तयारही केला होता. सोमवारी मंडळींचा निर्णय व्हायचा होता.

"सर, जुन्याला ठिगळं तरी किती लावायची? तुम्हीच सांगा, नवा की जुना?"

सर त्याला तहसील कचेरीसमोर घेऊन गेले. तिथे यमुनाबाई ढोकणे अठरा वर्षे त्याच जुन्या प्रोग्रामवर लोकांचे अर्ज टंकून देत आल्या होत्या. समोर एक म्हातारी बसली होती. तिचे निराधार अनुदान बंद पडले होते आणि कचेरी सुटायच्या आत अर्ज द्यायचा होता.

सरांनी काय करावे? खांद्यावरचा पंचा काढून सरळ यमुनाबाईंच्या संगणकाच्या पडद्यावर टाकला! "हं बाई, लिहा आता."

शार्दूल बघतच राहिला. यमुनाबाई मात्र म्हातारीकडे वळल्या. "रडू नको गं माय. पुढं सांग." नजर म्हातारीच्या तोंडावर आणि बोटे आपली चालूच. पंचा काढला, तर अर्ज बिनचूक.

मग सरांनी नवा प्रोग्राम असलेला शार्दूलचा लॅपटॉप यमुनाबाईंपुढे केला आणि पंचा त्यावर टाकला. पुढचा अर्ज सुरू झाला. दोन ओळींतच बोटे अडखळली आणि नजर माणसावरून खाली कळफलकाकडे गेली. "अगं बाई, ठळक करायचं कुठं गेलं हो याच्यात?" सांगता सांगता समोरचा माणूस गप्प झाला.

शार्दूलचा चेहरा उतरला. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"अरे, तुझं काम वाईट नाही. पण दोन वर्षं तू पडद्याकडे बघत बसलास. ही बाई माणसाकडे बघते. तिला तसं बघता यावं, एवढ्यासाठीच आपला खटाटोप. नवा की जुना, हे मला कशाला विचारतोस? तिला काय नडतं ते विचार."

त्याने विचारले.

"वीज गेली की लिहिलेलं जातं बघा," यमुनाबाई म्हणाल्या. "मग माणसाला आपलं दुःख पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. जिवावर येतं हो."

सोमवारी शार्दूलने आपला प्रोग्राम आपणच मागे घेतला. वाईट वाटले, का नाही वाटणार! त्यातला मजकूर आपोआप जपणारा भाग तेवढा त्याने जुन्यात बसवला.

दिवाळीनंतर तो पुन्हा कचेरीसमोर उभा होता. वीज गेली, थोड्या वेळाने आली. संगणक सुरू झाला, तर अर्धे वाक्य होते तिथेच उभे. यमुनाबाईंनी पडद्यावर नुसती नजर टाकली आणि त्या समोरच्या माणसाकडे वळल्या.

"हं, मग पोरगी काय म्हणाली?"

हे कोणी केले, असे त्यांनी विचारलेही नाही. शार्दूल काही न सांगता, समाधानाने घरी गेला.