सन्मान, सुरक्षा आणि एक मेंढी

विषय : युरोपातील एका देशाचे मध्य आशियातील एका देशाशी आर्थिक व सुरक्षाविषयक सहकार्य.
संदर्भ : उकडलेली मेंढी, नग एक.

कराराचा मसुदा सोपा होता. डोंगरातले कच्चे तांबे युरोपाने न्यायचे. बदल्यात खाणीखालच्या गावाला कॅमेरे, पहारेकऱ्यांना प्रशिक्षण आणि 'सन्माननीय भागीदार' ही पदवी मिळायची. गावप्रमुख उल्मेकेनबाईंना तांबे गाळण्याचा कारखाना गावातच हवा होता, कारण कामाअभावी निम्मे गाव परदेशी गेले होते. तसा त्यांनी अर्ज केला. युरोपीय देशाचे मंत्री फाल्केनरोट यांनी तो न उघडताच बाजूला सारला.

"बाई, सन्मान मिळतोय, सुरक्षा मिळतेय. आणखी काय हवं?"

बाईंनी मंत्र्यांना जेवायला बोलावले.

तिथल्या रिवाजाप्रमाणे सर्वांत मोठ्या पाहुण्यापुढे मेंढीचे डोके ठेवतात. तसे ते ठेवले. मंत्र्यांच्या पाठीशी दोन बंदूकधारी उभे केले. मग मांसाची वाफाळती परात मंत्र्यांच्या नाकाखालून थेट गावकऱ्यांच्या पंगतीत गेली. दिवसभर खाण हिंडलेले मंत्री ती जाताना पाहत राहिले.

"आणि मांस?" त्यांनी शेवटी विचारले.

"साहेब, सन्मान पुढ्यात आहे, सुरक्षा पाठीशी आहे," बाई म्हणाल्या. "आणखी काय हवं?"

मंत्र्यांनी कारखान्याचे कलम तिथेच स्वहस्ते लिहिले. मंजुरी त्यांच्या राजधानीहून यायची आहे. तोवर त्यांचा मांसाविषयीचा तोंडी अर्ज प्रलंबित आहे.