ब्रेक आणि शनिवारचं लिंबू

यंत्रं आपसांत बोलत आणि माणसं त्यांचं ऐकत नसत, त्या काळची ही गोष्ट. भालबांच्या मोटारसायकलच्या ब्रेकला वार्षिक तपासणीची धास्ती होती, कारण नापास झालेल्या बहुतेक गाड्या भंगारात जात.

“मी पार झिजलोय रे,” तो हँडलला टांगलेल्या लिंबाला म्हणाला.

“घाबरता काय, आजोबा? मालक दर शनिवारी नवं लिंबू बांधतात. गाडी आमच्यावरच चालते,” लिंबू ऐटीत म्हणालं.

“चालते रे बाळा, पण थांबवायची कोणी?”

तपासणीत साहेबांनी ब्रेक दाबला आणि गाडी त्यांना घेऊन थेट उकिरड्यात शिरली. डोक्यावरचा पालापाचोळा झटकत साहेब ओरडले, “आठ दिवसांत दुरुस्त करून आणा, नाहीतर भंगारात घाला!”

भालबा तडक बाजारात गेले आणि दोन लिंबं घेऊन आले. ब्रेक मुकाट्याने भंगारवाल्याची वाट पाहू लागला.